जाळी कुठे तारते, कुठे फसते: कर्करोगात अडलेल्या अन्नमार्गासाठीच्या स्टेंटचं परीक्षण

‘जाळी टाकली की मोकळं होईल’ एवढ्या एका वाक्यावर पुष्कळ घरं संमतीपत्रावर सही करतात. मोकळं काय होणार, किती दिवसांत, किती महिन्यांपुरतं आणि पुन्हा बंद झालं तर काय, हे प्रश्न सही झाल्यावर सुचतात. पसरलेल्या कर्करोगात गाठ अन्ननलिका, जठराचं खालचं तोंड (जिथून अन्न लहान आतड्यात उतरतं), पित्तनलिका किंवा मोठं आतडं बंद करते, तेव्हा दुर्बिणीतून जो धातूचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवतात त्याचं हे परीक्षण आहे. वस्तू कशी आहे, कुठल्या जागी कशी वागते आणि पुण्यात ती बसवून घेताना काय पाहावं, हे यात सांगितलं आहे.

आमचं मत आधीच देतो. अन्ननलिकेत आणि पित्तनलिकेच्या खालच्या भागात ही वस्तू पैशाला पुरेपूर उतरते. जठराच्या तोंडाशी रुग्ण नीट निवडला तरच उतरते. मोठ्या आतड्यात ती कामाची आहे, पण तिथली चूक जिवावर बेतते. आणि गाठी पोटभर पसरून आतडं एकाहून जास्त ठिकाणी अडलं असेल, तर ती टाकूच नये.

वस्तू म्हणाल तर साधी आहे. निकेल आणि टायटॅनियमच्या नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूची तार विणून किंवा नळी लेसरनं कापून जाळी करतात आणि ती बारीक नळीत दाबून भरतात. बाहेरची म्यान मागे ओढली की जाळी आपलं मूळ रूप आठवल्यासारखी उलगडते आणि गाठीला बाजूला रेटते. ती एका क्षणात पूर्ण उघडत नाही. पूर्ण व्यास यायला २४ ते ७२ तास लागतात. म्हणून पहिल्या दिवशी पाणीच जेमतेम उतरतंय म्हणून घाबरायचं नसतं, आणि पहिल्या दिवशी सगळं छान वाटतंय म्हणून भाकरीही द्यायची नसते.

एक बारकावा डॉक्टरांनाही सतत डोक्यात ठेवावा लागतो. विणलेली जाळी रुंद होताना आखूड होते. नळीत असताना दिसणारी लांबी आणि उघडल्यावरची लांबी यांत मोठा फरक पडतो. गाठीच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन सेंटिमीटर जाळी उरली पाहिजे, हा हिशेब इथे चुकला की एक टोक गाठीतच राहतं आणि अडथळा तसाच. मग पहिल्या स्टेंटमध्ये दुसरा घालावा लागतो आणि बिलात दोन स्टेंट येतात. लेसरनं कापलेली जाळी फारशी आखडत नाही, पण वळणावर ती कमी लवचिक असते.

दुसरा बारकावा कव्हरचा. नुसत्या जाळीच्या छिद्रांतून गाठ आत वाढते आणि काही महिन्यांत स्टेंट बुजतो. सिलिकॉनचं किंवा तशाच पदार्थाचं कव्हर लावलं की गाठ आत येत नाही, पण जाळी भिंतीला रुतत नसल्यामुळे सरकते. अनकव्हर्ड घट्ट बसतो आणि बुजतो, कव्हर्ड बुजत नाही आणि निसटतो. कुठल्या जागी यातलं कुठलं दुखणं परवडतं, त्यावर निवड ठरते. ‘भारीतला टाका’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

आता जागा. अन्ननलिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे फरक सगळ्यात लवकर दिसतो. गिळण्याचा त्रास डॉक्टर शून्य ते चार असा मोजतात: शून्य म्हणजे सगळं उतरतं, एक म्हणजे काही घट्ट पदार्थ अडतात, दोन म्हणजे फक्त मऊ-पातळ चालतं, तीन म्हणजे नुसतं पातळ, चार म्हणजे थुंकीही गिळवत नाही. तीन-चारवरचा माणूस स्टेंटनंतर दोन-तीन दिवसांत बहुधा एक-दोनवर येतो. शून्यावर येण्याची अपेक्षा ठेवू नये. अन्ननलिकेची स्वतःची लाटेसारखी हालचाल त्या भागात थांबलेली असते. घास ढकलला जात नाही, तो स्वतःच्या वजनानं घसरतो. जेवताना ताठ बसायला सांगतात ते यासाठी.

इथे कव्हर्ड किंवा टोकं उघडी ठेवलेला अर्धवट कव्हर्ड स्टेंट वापरतात. मधला व्यास साधारण १८ ते २३ मिलिमीटर, टोकं त्याहून पसरट. भूल किंवा गुंगी देऊन दुर्बीण घालतात, गाठ दातांपासून किती सेंटिमीटरवर सुरू होते आणि कुठे संपते ते मोजतात, गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी बारीक तार, गाठीपलीकडे जठरात सोडतात, सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर खुणा लावतात आणि त्या तारेवरून स्टेंट नेऊन हळूहळू उघडतात. सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. गाठ अगदी गळ्याशी, वरच्या झडपेपासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल, तर माणसाला सतत काहीतरी अडकल्याची भावना राहते. अशा वेळी स्टेंट टाकण्याआधी दोनदा विचार करावा. गाठ श्वासनलिकेलाही रेटत असेल, तर स्टेंट उघडल्यावर श्वास कोंडू शकतो. म्हणून छातीचा सीटी स्कॅन आधी पाहिलाच पाहिजे. उलट, अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडून प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, तर कव्हर्ड स्टेंटसारखा तातडीचा दुसरा उपाय नाही.

नंतर छातीत दुखतं. पहिले काही दिवस हे अपेक्षित आहे आणि त्यासाठी मॉर्फिनपर्यंतची औषधं विनासंकोच द्यावीत. सोसायला सांगण्यात काही शहाणपण नाही. दुखणं वाढतच गेलं, ताप आला किंवा गळ्याच्या कातडीखाली दाबल्यावर करकर लागली, तर भिंत फाटल्याची शंका घेऊन त्याच तासाला रुग्णालय गाठावं. रेडिएशन चालू असताना स्टेंट टाकणं युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांना मान्य नाही, कारण त्यात गुंतागुंत वाढते. आणि रुग्णाच्या हातात बरेच महिने असतील, तर आतून द्यायच्या रेडिएशनबद्दल, म्हणजे ब्रेकीथेरपीबद्दल विचारायला विसरू नका. तिचा आराम उशिरा येतो पण जास्त टिकतो. स्टेंटचा लगेच येतो आणि पुढे घसरत जातो. हे २००४ मधल्या डच चाचणीत समोरासमोर तपासलं गेलं आहे, तरी स्टेंटच्या आधी हा पर्याय पुरेसा मांडला जात नाही.

खाण्याबद्दल रुग्णालयाच्या छापील कागदावर ‘मऊ आहार’ एवढंच असतं. मराठी स्वयंपाकघरात त्याचा अर्थ असा. पहिले २४ तास फक्त पातळ: ताक, मुगाचं कढण, गाळलेलं सार, नाचणीची आंबील. मग गुरगुट्या भात-वरण, खिमट, दुधात शिजवलेला रवा, मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं, अंड्याची मऊ भुर्जी. प्रत्येक वाटीत तूप, साय किंवा दुधाची पावडर घाला, कारण घास कमी जातात तेव्हा प्रत्येक घासात ऊर्जा जास्त हवी. कायमचं वर्ज्य: कोरडी पोळी-भाकरी, पाव (तो ओला होऊन लगदा होतो आणि बुचासारखा बसतो), पालेभाजीचे देठ, शेवग्याच्या शेंगा, गवार, मक्याचं कणीस, संत्र्या-मोसंबीच्या सालपटासह फोडी, मटणाचे तुकडे. मटणाचा गाळलेला रस्सा चालतो. जेवणाच्या मध्ये आणि शेवटी थोडं कोमट पाणी किंवा सोडावॉटर घोट-घोट घ्यावं, म्हणजे जाळीत अडकलेलं धुऊन जातं. घास अडकलाच, तर बोटं घालून ओकारी काढू नये. उभं राहून थोडं चालावं, सोडावॉटर प्यावं, दोन-तीन तासांत सुटलं नाही तर दुर्बिणीतून काढून घ्यावं.

स्टेंट जठराच्या झडपेवरून गेला असेल तर आम्ल थेट वर येतं. मग पॅन्टोप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध कायम चालू राहतं, उशाकडून पलंगाच्या पायांखाली विटा घालून डोकं वर करतात आणि रात्रीचं खाणं झोपण्याआधी तीन तास आटोपतात. गोळ्यांचंही पाहा. हळूहळू विरघळणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या कुटून देऊ नयेत, सगळा डोस एकदम अंगात जातो. पातळ औषध किंवा कातडीवर लावायचा पॅच मागून घ्या.

पित्तनलिकेची गोष्ट वेगळी आहे, तिथे मुख्य वाद प्लॅस्टिक की धातू हा असतो. कावीळ, रात्रभर खाज, पांढरी शी, मोहरीच्या तेलासारखी लघवी. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत नेऊन, नलिकेत स्टेंट टाकला की पित्त उतरू लागतं. नेहमीचा प्लॅस्टिकचा स्टेंट १० फ्रेंच, म्हणजे ३.३ मिलिमीटर रुंद. धातूचा १० मिलिमीटर. प्लॅस्टिकवर जंतूंचा थर चढतो, त्यावर गाळ बसतो आणि तीनेक महिन्यांत तो बुजतो, कधी त्याच्याही आधी. बुजला की थंडी वाजून ताप आणि पुन्हा कावीळ. हा ताप ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी काढायचा नसतो, पित्तमार्गातला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात जातो. धातूचा स्टेंट बहुधा सहा-आठ महिने किंवा जास्त चालतो. माणसाला तीन-चार महिन्यांहून जास्त आयुष्य दिसत असेल, तर दर तीन महिन्यांनी नवी ईआरसीपी, नवी भूल, नवं भरती-शुल्क यांच्या तुलनेत धातूचा स्टेंट स्वस्तच पडतो. प्लॅस्टिकला जागा आहे ती निदान अजून पक्कं नसताना किंवा तात्पुरती कावीळ उतरवायची असताना.

गाठ यकृताच्या मुखाशी, जिथे डावी-उजवी नलिका मिळतात तिथे असेल, तर एका स्टेंटनं भागेलच असं नाही. यकृताचा निम्म्याहून जास्त कामाचा भाग मोकळा झाला पाहिजे. त्यासाठी आधी एमआरआयवर नलिकांचा नकाशा काढतात. नकाशाशिवाय ज्या शाखेत रंगद्रव्य सोडलं आणि जी मोकळी केली नाही, ती नंतर पिकते. अशा गाठींसाठी ईआरसीपी जमली नाही तर कातडीतून यकृतात नळी घालणारा रेडिओलॉजिस्ट त्याच रुग्णालयात असणं हे चैनीत मोडत नाही. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तो कमी करण्यासाठी इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकची १०० मिलिग्रॅमची गोळी गुदद्वारातून देतात. ती दिली का, हे विचारायला हरकत नाही. गोळी साधी आणि स्वस्त आहे.

जठराच्या तोंडाशी किंवा पक्वाशयात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अडथळा आला की आदल्या दिवशीचं जेवण आंबूस वासानं उलटून पडतं. इथे स्टेंट अनकव्हर्ड, २० ते २२ मिलिमीटर, आणि दुर्बिणीच्या आतूनच नेतात, म्हणून रुंद वाहिनीची दुर्बीण लागते. या जागी दोन चुका वारंवार होतात. पहिली, पोट रिकामं न करता गुंगी देणं. अडलेल्या जठरात लिटरभर पाणी-अन्न साचलेलं असू शकतं, ते फुप्फुसात गेलं तर स्टेंट उत्तम बसूनही माणूस न्यूमोनियानं जातो. आदल्या रात्रीपासून रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) आणि कामाच्या वेळी श्वासनलिकेत नळी, हे आग्रहानं मागावं. दुसरी, कावीळ असताना किंवा येऊ घातलेली असताना आधी पक्वाशयाचा स्टेंट टाकणं. पित्तनलिकेचं तोंड जाळीआड गेलं की नंतरची ईआरसीपी फार अवघड होते. क्रम आधी पित्त, मग पक्वाशय.

याच जागी ‘यशस्वी’ या शब्दाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. स्टेंट ठरल्या जागी बसून उघडला, हे तांत्रिक यश. ते शंभरात नव्वदहून जास्त वेळा मिळतं. माणूस खाऊ लागला, हे खरं यश; ते त्याहून कमी. जठर अनेक आठवडे ताणलेलं राहून ढिलं पडलेलं असतं, किंवा पुढे लहान आतड्यात आणखी एक अडथळा असतो. म्हणून डॉक्टरांना टक्केवारी विचारताना ‘स्टेंट बसण्याची’ विचारू नका, ‘दोन आठवड्यांनी मऊ भात खाण्याची’ विचारा. प्रकृती बरी असलेल्या आणि दोन महिन्यांहून जास्त आयुष्य दिसणाऱ्या रुग्णाला जठर पुढच्या आतड्याला जोडणारी शस्त्रक्रिया जास्त टिकते. नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीचा कौल हाच होता. आता एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीच्या मदतीनं, पोट न उघडता, डमरूच्या आकाराच्या स्टेंटनं हीच जोडणी करता येते. ते कौशल्याचं काम आहे, ज्यांचा हात रोज त्यात आहे त्यांच्याकडेच करावं.

मोठ्या आतड्यात बहुतेक अडथळे डाव्या बाजूचे. फुगलेलं पोट, वारा-शी बंद. इथे अनकव्हर्ड, निदान २४ मिलिमीटरचा स्टेंट. तोंडानं जुलाबाचं औषध देऊन पोट साफ करायचं नाही, फक्त एनिमा. आधी किंवा नंतर फुग्यानं ताणायचं नाही, त्यात आतडं फाटतं. ताणलं नाही तरी साधारण शंभरात चार ते सात जणांत छिद्र पडतं, आणि ते टाकल्यानंतर काही दिवसांनीही पडू शकतं. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगावरचं औषध चालू असेल किंवा लवकरच सुरू होणार असेल तर तो धोका वाढतो. केमोथेरपीच्या डॉक्टरांशी पोटविकारतज्ज्ञांचं बोलणं आधी झालंच पाहिजे. गुदद्वाराला अगदी लागून असलेल्या गाठीत स्टेंट नको, सतत कळ आणि शौचाची भावना राहते. बसल्यावर शी मऊ ठेवायची: लॅक्टुलोजसारखं औषध रोज, कोंडा आणि चोथा कमी. इसबगोल देऊ नये, ते फुगून घट्ट गोळा होतं.

आता पुण्यातली सेवा. ईआरसीपी आणि स्टेंट करणारे विभाग शहरात बरेच आहेत. सरकारीत ससून आहे. इमारतीपेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्यात. सी-आर्म त्याच खोलीत आहे का. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतो का. योग्य मापाचा स्टेंट विभागात आहे, की डीलरकडून मागवायचा आहे? मागवायचा असेल तर लगतची दोन मापं सोबत यावीत, कारण खरी लांबी दुर्बीण आत गेल्यावरच कळते. हातात फक्त रिपोर्ट नको, सीटीची सीडी हवी. प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) १.५ च्या खाली असावं. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध पाच-सात दिवस आधी थांबवावं लागतं, तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. बारामती, सातारा, सोलापूरहून आलेल्यांनी पहिल्या दोन-तीन रात्री शहरातच काढाव्यात. छिद्र किंवा रक्तस्राव घाटात उमगला तर हातात काही उरत नाही.

बिलाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं कमाल किंमत ठरवली ती हृदयाच्या स्टेंटची. ती मर्यादा या स्टेंटला लागू नाही. प्लॅस्टिकचा काही हजारांत येतो, धातूचा पाच आकड्यांत जातो. आधी लेखी अंदाज घ्या आणि त्यात स्टेंटचा प्रकार, व्यास, लांबी, कव्हर्ड की अनकव्हर्ड हे लिहून घ्या. खोक्यावरची छापील किंमत आणि लॉट नंबरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असावं, मेडिक्लेमला ते लागतं. पुढे एमआरआय करताना स्टेंटचं कार्ड, म्हणजे त्याची माहिती लिहिलेला कागद, दाखवावं लागतं. नायटिनॉलचे बहुतेक स्टेंट ठरावीक अटींत एमआरआयला चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण पॅकेजमध्ये नेमका कुठला स्टेंट बसतो हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीकडून, भरतीआधी विचारून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांकडे द्यावी. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ केली तर उशीर झालेला असतो.

राहता राहिला तो रुग्ण ज्याला स्टेंट टाकू नये. पोटाच्या आतल्या अस्तरावर गाठी पसरल्या आहेत, पोटात पाणी आहे, सीटीत आतडं तीन-चार जागी अडलेलं दिसतं. एक जागा उघडून खालच्या अडथळ्यांना काही फरक पडत नाही. तरीही ‘काहीतरी करा’ या हट्टापायी स्टेंट टाकला जातो, आणि शेवटचे आठवडे रुग्णालयात जातात. इथे औषधं जास्त काम करतात: आतड्यातला स्राव कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड कातडीखाली, सूज उतरवायला डेक्सामेथासोन, मळमळीला हॅलोपेरिडॉल, कळ थांबवायला मॉर्फिन. पूर्ण अडथळा असून पोटात पिळ मारत असेल तर मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, आतडं आणखी जोरात आवळतं. उलट्या तरीही थांबत नसतील तर पोटाच्या कातडीतून जठरात नळी घालून पिशवी लावतात. त्यातून साचलेलं बाहेर येतं, नाकातली नळी निघते आणि माणूस चहाचा घोट, ताक, आंब्याचा रस जिभेवर घेऊ शकतो, तो पिशवीत उतरला तरी. पोटात फार पाणी असेल तर आधी ते काढावं लागतं.

हे सगळं घरी सांभाळता येतं. पुण्याच्या वारज्यातलं सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारे उपचार) केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी विनामूल्य काम करतं. घरी येऊन पाहणारं पथकही आहे. स्टेंट टाकला असो वा नसो, तिथे जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा सीटी, चालू औषधांच्या पट्ट्या आणि स्टेंटचं कार्ड सोबत न्या.